पाचारण, म्हणजे देवाची हाक, आहे की नाही, हे ओळखायचं कसं? (एकुलता एक मुलगा, कोल्हापूर)

शाहूपुरी_चौथी_गल्ली
नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. वय २६, मेकॅनिकल डिप्लोमा, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आम्ही कॅथलिक. वडील जाऊन सहा वर्षं झाली. बहीण लग्न होऊन सावंतवाडीला, घरी आई आणि मी.

दीड-दोन वर्षं एक विचार डोक्यातून जात नाही, की आपण फादर व्हावं. सुरुवात कुठं झाली तेही आठवतं. आमच्या गल्लीतले एक आजोबा सीपीआर दवाखान्यात ॲडमिट होते, त्यांना जवळचं कुणी नव्हतं. आमच्या फादरांना मी गाडीवरून घेऊन गेलो. फादरांनी रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावून देतात तो संस्कार) दिला, प्रार्थना म्हटली. आजोबांना बोलता येत नव्हतं, पण ते फादरांचा हात सोडेनात. फादर अर्धा तास तसेच उभे राहिले, घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. परतताना दसरा चौकात सिग्नलला थांबलो आणि मनात आलं, हे काम आपल्याला करायचंय.

तेव्हापासून काही दिवस असे जातात की रात्रपाळी करून सकाळी रिकाम्या चर्चमध्ये दहा मिनिटं बसलो तरी भरून येतं. मग तीन-तीन आठवडे काहीच वाटत नाही. त्यातच आजऱ्याहून एक स्थळ आलंय. मुलगी चांगली आहे, मला आवडलीही. मग फादर व्हायचा विचार म्हणजे नुसते मनाचे खेळ का? मी मुळात बुजरा आहे, जबाबदारीपासून पळत तर नाही ना? आणि आई. तिला नुसतं सुचवलं तर म्हणाली, "बाबांनी हे घर कुणासाठी बांधलं?" त्यानंतर विषय काढलेला नाही.

ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी मोकळेपणानं लिहा.

गंगावेस_तालीम
भावा, मी हिंदू, तुमच्यातलं मला फारसं ठाऊक नाही. पण वाचल्यावर ज्ञानोबा माउलींचे वडील आठवले. विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला, पण घरी बायको आहे हे गुरूंना नीट कळू दिलं नाही. पुढं गुरू आळंदीला आले, रुक्मिणीबाई भेटल्या, खरं काय ते कळलं आणि गुरूंनीच त्यांना संसारात परत पाठवलं. पुढं त्या घरानं काय सोसलं ते सगळ्यांना माहीत आहे. वाट वाईट नव्हती, पण घरच्यांना अंधारात ठेवून धरलेली होती. तू आईशी आधी बोल एवढंच सांगतो. आपल्या गावातला एक पोरगा एवढा विचार करतोय, याचं मला कौतुक आहे.

कॉन्व्हेंटमधली_जुनी
बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं. मी सिस्टर आहे. १९ व्या वर्षी घर सोडलं, पहिल्या व्रतांना आता ४१ वर्षं झाली.

मनाचे खेळ असतील का, असं तू विचारलंस. असतीलही. म्हणूनच पारख करायची. इंग्रजीत डिसर्नमेंट म्हणतात, मला पारख हाच शब्द आवडतो. गुजरीतला सराफ दागिना हातात घेऊन त्याच्या चमकेवर भाव सांगत नाही, कसोटीवर घासतो. तुला चर्चमध्ये भरून येतं ती चमक आहे. ती खोटी नाही, पण तेवढ्यावर भाव ठरत नाही.

ही कसोटी आम्ही संत इग्नेशियस लोयोला यांच्याकडून शिकलो. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वाचायला शूरवीरांच्या कथा मागितल्या. घरात होती ती ख्रिस्ताचं आणि संतांची चरित्रं. मग ते दोन तऱ्हेची स्वप्नं बघू लागले. कधी दरबारातल्या पराक्रमाची, कधी संतांसारखं सगळं सोडून निघण्याची. बघताना दोन्ही गोड वाटत. फरक नंतर पडे. पराक्रमाचं स्वप्न ओसरलं की मन कोरडं आणि अस्वस्थ होई. दुसरं ओसरलं तरी समाधान मागं राही. त्यांची सगळी पारख या एका निरीक्षणातून उभी राहिली.

म्हणून तूही विचार येतानाचा आनंद मोजू नकोस, विचार गेल्यानंतर काय उरतं ते बघ. रोज रात्री दहा मिनिटं वही घेऊन बस. आज देव कुठं भेटला, मी कुठं पाठ फिरवली, फादर होण्याचा विचार आला तेव्हा मागं काय राहिलं, आजऱ्याच्या मुलीचा विचार आला तेव्हा काय राहिलं. दोन्ही प्रामाणिकपणे लिही. तीन-चार महिन्यांनी वही मागं चाळ.

आणि ते कोरडे आठवडे. त्यांचा इग्नेशियस यांनी नियमच घालून दिलाय. मन खिन्न, कोरडं असताना पूर्वीचा निर्णय बदलायचा नाही, प्रार्थना थोडी वाढवायची. तात्पुरत्या व्रतांच्या तिसऱ्या वर्षी मी एका खेड्यातल्या दवाखान्यात होते. पाऊस, चिखल, सोबतची सिस्टर आजारी, प्रार्थनेत काही म्हणजे काही वाटेना. ट्रंक भरून ठेवली होती. आमच्या सुपीरियर, म्हणजे मठाच्या प्रमुख, म्हणाल्या, "जायचं तर जा, पण रडत जाऊ नकोस. शांत होशील त्या दिवशी ठरव." शांत व्हायला पाच महिने लागले. शांत झाले तेव्हा जायचं नव्हतं. माझ्या सोबतिणीला शांतपणी जावंसं वाटलं, ती गेली. तिचा संसार सोन्यासारखा झाला. आम्ही अजून एकमेकींना फोन करतो.

अजून दोन गोष्टी करून बघ, त्याही त्यांच्याच आहेत. तुझ्याच परिस्थितीतला एक अनोळखी मुलगा समोर बसलाय अशी कल्पना कर. त्याचं भलं व्हावं एवढंच तुला हवंय. त्याला काय सांगशील? आणि आपला शेवटचा दिवस आलाय अशी कल्पना कर. त्या वेळी आज काय निवडलेलं असावं असं वाटेल?

कागलचा_मास्तर
सिस्टर, तुमच्या सोबतिणीचं वाचून लिहायला बसलो. मी सेमिनरीतून, म्हणजे फादर होण्याचं शिक्षण अर्धवट सोडून, परत आलेला आहे.

दहावीनंतर गेलो. लहानपणी मी फार आजारी पडलो होतो आणि आईनं नवस केला होता, पोरगं वाचलं तर देवाला देईन. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. मला कुणी "जा" म्हणून ढकललं नाही, पण "नाही" म्हणायला जागाही नव्हती. वेदीसेवक होतो, वाचन बरं करायचो. येणारे-जाणारे "छोटे फादर" म्हणायचे, तेही आवडायचं.

तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षी माझ्या आध्यात्मिक मार्गदर्शकांनी एक प्रश्न विचारला, "तू स्वतःला फादर म्हणून डोळ्यांपुढं आणतोस तेव्हा कोणता वार असतो?" मी गप्प झालो. नेहमी रविवार असायचा. झगमगती वेदी, भरलेलं चर्च, माझा आवाज. सोमवार कधीच नसायचा. गळणारं छप्पर, मुलांच्या फीची भांडणं, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याची समजूत, एकट्यानं जेवण. ते कधी डोळ्यांपुढं आलंच नव्हतं, आणि मुद्दाम आणलं तर छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. मी आईचा नवस जगत होतो.

नंतर कळलं, चर्चच्या कायद्यातच आहे, की दीक्षा घेणारा मोकळा असला पाहिजे. कुणालाही कुठल्याही कारणानं, कसंही भाग पाडायला सक्त मनाई आहे. दुसऱ्यानं केलेला नवस मला बांधत नव्हता.

परत आलो तेव्हा गावात दोन वर्षं खालमानेनं फिरलो. लोक थेट बोलत नव्हते, पण मी गेलो की बोलणं थांबायचं. ते दिवस वाईट गेले. आता शाळेत शिकवतो, दोन मुली आहेत, रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. सेमिनरीत शिकलेली शांतता, वेळेवर उठणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं, रोज वापरतो.

शाहूपुरी, तुला एकच सांगतो. फादरांच्या सोबत सोमवार ते शुक्रवार राहून बघ. रजा टाक. तू सीपीआरमधला तो अर्धा तास लिहिलास. तो रविवारचा नाही, तो सोमवारचा आहे. मला तसा एकही प्रसंग सांगता आला नसता.

मिरजवाला
आम्ही प्रॉटेस्टंट. आपल्या भागात ख्रिस्ती म्हटलं की जास्त करून आमचीच मंडळी. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांचं मिशन १८७० मध्ये प्रेस्बिटेरियनांकडं गेलं, पुढं १८९४ साली वॉनलेस डॉक्टरांनी मिरजेचा दवाखाना उभा केला. पाचारण हा शब्द आमच्यातही आहे. वाइल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. तरुणपणी अमेरिकेत शिकत असताना तो आणि त्याची बहीण ग्रेस मिळून प्रार्थना करायचे, की विद्यार्थ्यांतून सेवेला माणसं उठावीत. १८८६ मध्ये माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थी परदेशी सेवेला तयार झाले. प्रार्थना करणाऱ्यांत बहीणही होती, हे मला मोलाचं वाटतं.

आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, लग्न करतात. पाळकीणबाई अर्धी मंडळी सांभाळतात. म्हणून मनापासून विचारतो, त्या मुलाला मुलगी आवडली आहे तर ती हाक नाही असं कशावरून?

नगर_रोड_पुणे
मी धर्मगुरू आहे. पुण्यात नगर रोडच्या सेमिनरीत शिकलो, नंतर बरीच वर्षं खेड्यापाड्यांत. मिरजवाले काकांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून तिथूनच सुरू करतो.

मुलगी आवडली यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट मला बरं वाटलं. लग्नाची भीती वाटते म्हणून सेमिनरीत येणारा मुलगा आला की मी थांबवतो. लग्न हेही पाचारणच आहे, आमच्याकडं तो संस्कार आहे. जे चांगलं आहे तेच देवाला देता येतं. बऱ्याच पौर्वात्य कॅथलिक परंपरांत विवाहित पुरुषांनाही गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याचा संस्कार, मिळते. आपल्या लॅटिन परंपरेत ब्रह्मचर्य मागितलं जातं, ते पूर्ण माणूस सगळ्यांना उपलब्ध असावा म्हणून. तेव्हा शाहूपुरी, आजऱ्याच्या घरी खरं सांगणं ही तुझी पहिली परीक्षा आहे. त्या मुलीला ताटकळत ठेवून पारख करायची नाही.

आता बुजरेपणाचं. एका घटनेनं विचार सुरू झाला आणि दीड वर्ष टिकला, मधे स्थळ येऊनही टिकला, हे पळणाऱ्याचं लक्षण मला वाटत नाही. पण हे तू किंवा मी या धाग्यावर ठरवू शकत नाही. आतली हाक ही अर्धी बाजू असते. गुरुदीक्षेच्या विधीत उमेदवाराचं नाव पुकारतात, तो "मी हजर आहे" म्हणत पुढं येतो. लगेच बिशप विचारतात, हा योग्य आहे हे तुम्हाला माहीत आहे का? उत्तर देणारे सांगतात, ख्रिस्ती लोकांत चौकशी केली, जबाबदार व्यक्तींचं मत घेतलं, आणि योग्य आढळला. स्वतःला कितीही खात्री असली तरी हाक शेवटी चर्चच्या तोंडून यावी लागते.

उलटही होतं. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया. जपानात जेझुइटांसोबत (इग्नेशियस यांच्या संस्थेतले फादर-ब्रदर) धर्मशिक्षक म्हणून वर्षानुवर्षं काम केलं, जेझुइट व्हायची फार इच्छा होती, घेतलं नाही. व्यापार केला, पैसा मिळवला. मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. फादर नव्हे, ब्रदर, म्हणजे व्रतं घेतलेला पण गुरुदीक्षा न घेतलेला. भाषा येत होती म्हणून पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर प्राण दिला. १८६२ साली संतपद. एक दार बंद झालं म्हणून हाक खोटी ठरली नाही, त्यांना आपलं दार वेगळीकडं मिळालं. तूही फक्त "फादर" एवढंच धरून बसू नकोस. ब्रदर, मठवासी, धर्मप्रांताचा गुरू, यांची आयुष्यं फार वेगवेगळी असतात.

यातला एक फरक तुझ्या घराशी जोडलेला आहे. धर्मप्रांताचा गुरू बिशपांना आज्ञाधारकतेचं वचन देतो, ब्रह्मचर्य पाळतो, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाही. स्वतःचं थोडंफार त्याच्याकडं राहू शकतं, तो त्याच भागात काम करतो. जेझुइट, फ्रान्सिस्कन अशा संस्थेत गेलास तर ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन अशी तिन्ही व्रतं, आणि पाठवतील तिथं जायचं. एकुलत्या मुलाला सगळ्यांनी नकार द्यावा असा नियम नाही. पण संत थॉमस अक्वायनस यांनी स्पष्ट लिहिलंय, आईवडिलांना इतकी गरज असेल की दुसरं कुणीच आधार देऊ शकत नाही, तर त्यांना टाकून मठात जाणं योग्य नव्हे. आईचं पोट कशावर चालतं, आजारपणात कोण, बहिणीचं काय मत, हे सगळं कागदावर मांडून बोल. देवाचं काम आहे म्हणून हिशेब टाळायचा नाही.

घाई कुणीच करणार नाही. आधी वर्षभर भेटीगाठी, शिबिरं. मग पूर्वतयारीचं वर्ष. तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान मिळून सहा वर्षं तरी, मधे प्रत्यक्ष कामाचा काळ. पदवी नसेल तर बऱ्याचदा तीही करून घेतात. नंतर डीकन (फादरच्या आधीची पायरी), त्यानंतर किमान सहा महिन्यांनी गुरुदीक्षा, आणि तीही वयाची २५ पूर्ण झाल्याशिवाय नाही. संस्थांमध्ये नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीची उमेदवारी, कमीत कमी १२ महिन्यांचं, बहुतेक ठिकाणी तात्पुरती व्रतं तीन ते सहा वर्षं, मगच कायमची. प्रत्येक पायरीवर उमेदवाराला बाहेर पडता येतं, संस्थेला नाही म्हणता येतं. सेमिनरीत जाणं म्हणजे फादर झालो असं नाही, पारख तिथं आणखी कसून होते.

वयाचीही काळजी नको. इग्नेशियस तिशी उलटल्यावर बार्सिलोनात पोरांच्या वर्गात बसून लॅटिन शिकले, गुरुदीक्षा १५३७ मध्ये मिळाली.

आणि हो, डोक्यावर कर्ज आहे का? फेडता येणार नाही असं कर्ज असणाऱ्याला संस्थेत घेत नाहीत, कायदाच आहे.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
फादर, आहे. बहिणीच्या लग्नाला पतसंस्थेतून काढलेलं. १४ हप्ते राहिलेत. मास्तर, तुमचा वाराचा प्रश्न काल दिवसभर मोल्डिंग लाइनवर डोक्यात होता. मला सोमवारच दिसतो. पण त्या सोमवारी संध्याकाळी घरी आई नसते, हे पहिल्यांदा दिसलं आणि रडू आलं.

राजारामपुरीची_आई
बाळा, मी या धाग्यावर लिहिणार नव्हते. माझी मुलगी सिस्टर आहे. बी.कॉम. झाली, बँकेच्या परीक्षेत पास झाली आणि ऑर्डर यायच्या आत म्हणाली, मला कॉन्व्हेंटमध्ये जायचंय.

मी आठ महिने तिच्याशी धड बोलले नाही. स्वयंपाक करायचे, वाढायचे, गप्प. मला वाटायचं, हिचं कुणीतरी डोकं फिरवलं. मग वाटायचं, माझ्या संसारात हिनं काय बघितलं की हिला संसारच नको? हे दुसरं कुणाला सांगता येत नाही. तुझी आई घराचं बोलते ना, ते घराबद्दल नसतं रे. वडील गेले, मुलगी सासरी, आणि आता तूही. ती मागं राहायला भिते.

शेवटी मीच म्हटलं, मला ती जागा दाखव. गेलो. तिथल्या सुपीरियर सिस्टरनी मला स्वयंपाकघरात नेलं, पाट दिला, चहा दिला. म्हणाल्या, "ती सुखी नसेल तर आम्ही स्वतः तिला घरी आणून सोडू." मी मुलीकडं बघितलं. ती तिथल्या म्हाताऱ्या सिस्टरचे केस विंचरत होती आणि गुणगुणत होती. आमच्या घरी ती कधी गुणगुणली नव्हती. मी काही बोलले नाही, पण गाडीत बसल्यावर तिच्या बाबांना म्हटलं, जाऊ दे हिला.

कायमच्या व्रतांच्या दिवशी रडले. अजूनही दिवाळीला फराळ करताना रडते. पण आठ महिन्यांचा तो अबोला मला आता जास्त टोचतो. तुझ्या आईला एकटीला तिथं पोचू देऊ नकोस.

कॉन्व्हेंटमधली_जुनी
राजारामपुरीच्या आई, माझ्या आईनं मला हे कधी बोलून दाखवलं नाही. ती गेल्याला २२ वर्षं झाली. तुमचं वाचून तिच्याशी बोलल्यासारखं झालं.

मिरजवाला
फादर, उत्तर पोचलं. ब्रह्मचर्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण "चांगलं आहे तेच देता येतं" हे घेऊन जातो. मुला, तुझ्यासाठी आमच्या बुधवारच्या प्रार्थनेत मागू.

गंगावेस_तालीम
पुढं काय झालं ते सांग रे.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
सांगतो. तीन आठवडे झाले.

आधी आजऱ्याला फोन केला. मुलीच्या वडिलांना जसं आहे तसं सांगितलं, माझ्यासाठी थांबू नका म्हटलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "वेळेत सांगितलंस." फोन ठेवल्यावर हायसं वाटलं नाही, वाईट वाटलं. वहीत तसंच लिहिलंय.

मग आईला रंकाळ्यावर घेऊन गेलो. घरात बोलणं झालंच नसतं. हा धागा तिला पहिल्यापासून वाचून दाखवला. सीपीआरचं तिला माहीतच नव्हतं. राजारामपुरीच्या काकूंचं वाचत होतो तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. मी थांबलो तर म्हणाली, वाच.

बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, तिथं जेवायला काय देतात. आणि फादर आजारी पडले तर त्यांना कोण बघतं. मला दोन्हीची उत्तरं देता आली नाहीत. ती म्हणाली, विचारून ये.

ठरलंय ते एवढंच. हप्ते संपेपर्यंत नोकरी सोडायची नाही. तोवर महिन्यातून एक शनिवार-रविवार फादरांकडं राहायला जायचं, शेवटच्या रविवारी आईनंही यायचं. बहीण सुट्टीत येईल तेव्हा तिघांनी बसून पुढच्या खर्चाचं बोलायचं. आई हो म्हणालेली नाही. पण शनिवारी पहाटे उठलो तर ओट्यावर डबा भरून ठेवलेला होता, दोघांना पुरेल एवढा.

काकू, तिनं विचारलंय, तुम्हाला भेटता येईल का.

राजारामपुरीची_आई
येत्या रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या दाराशी थांबते. हिरवी साडी असेल. तू नको येऊस, तिला एकटीला पाठव.